सरवा आणि उष्टं

(धाराशिवात 'वेचणारे आणि वेचणारी' हा फ्रेंच माहितीपट दाखवल्यानंतर केलेलं भाषण. बोललो तेच थोडं नीट करून लिहून काढलंय.)



पडदा गुंडाळायचाय, सतरंज्या झटकायच्यात, आणि कळंब-भूमच्या पोरांना शेवटची एसटी गाठायचीय. तेव्हा लांबण लावत नाही. पण पिक्चर बघून गप उठायचं आणि बाहेर चहाच्या गाड्यावर 'भारी होता राव' म्हणून मोकळं व्हायचं, हे आपल्याला परवडणारं नाही. या पिक्चरमधली माणसं जे करतात ते आपल्या आयांनी, आज्यांनी जन्मभर केलंय. त्यांच्यावर कॅमेरा कुणी धरला नाही. पाळत मात्र ठेवली.

मी समीक्षक नाही. दहावी पास आहे. मुंबईच्या गोदीत ठेक्यावर माल चढवतो-उतरवतो, आणि रात्री खोलीवर जागा मिळाली तर चार ओळी खरडतो. गाव कळंब तालुक्यातलं. तेव्हा जे बोलीन ते पाठीच्या कण्यातून बोलीन, पुस्तकातून कमी.

उशिरा आलेल्यांसाठी आधी पिक्चरची गोष्ट सांगतो. आन्येस वार्दा नावाची बाई. जन्म १९२८ चा, २०१९ साली गेली. हा पिक्चर तिनं २००० साली केला, म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर. हातात मावेल असा छोटा डिजिटल कॅमेरा घेतला आणि फ्रान्सभर हिंडली. सुरुवातीला ती शब्दकोश उघडते आणि एक शब्द काढते : वेचणारी. पीक काढून झाल्यावर शेतात राहिलेलं वेचणारी. मग मिले नावाच्या चित्रकाराचं १८५७ सालचं चित्र दाखवते. कापलेलं रान, मागं मालकाच्या धान्याच्या गंजी, आणि पुढं तीन बाया वाकलेल्या. ते चित्र तेव्हा पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं तर तिथल्या पैसेवाल्यांच्या पोटात गोळा आला म्हणतात. तीन वाकलेल्या बायांची भीती वाटली त्यांना. उगाच नाही वाटली. वाकलेलं माणूस कधीतरी उठून उभं राहतं, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळतं.

मग वार्दाबाई जिवंत वेचणाऱ्यांकडं जाते. मशीननं काढलेल्या बटाट्यांतले फार मोठे, फार बारके, हिरवे पडलेले, वेडेवाकडे, असे ट्रॉलीच्या ट्रॉली रानात आणून ओततात, कारण दुकानात एका मापाचाच बटाटा चालतो. तिथं माणसं पोती घेऊन येतात. समुद्राच्या काठाला वादळानंतर सुटलेले शिंपले वेचणारे आहेत. बाजार उठल्यावर पॅरिसच्या रस्त्यावर भाजी उचलून तिथंच उभ्यानं खाणारा एक जण आहे. तो जीवशास्त्रात एम.एस्सी.च्या तोडीचा शिकलेला आहे, आणि रात्री परदेशातून आलेल्या मजुरांना फुकट फ्रेंच शिकवतो. रस्त्यावर टाकलेली फ्रिजं, खुर्च्या, बाहुल्या उचलून त्यातून काहीतरी उभं करणारे आहेत. बाई स्वतःही वेचते. बदामाच्या आकाराचा बटाटा घरी घेऊन जाते. काटे नसलेलं घड्याळ उचलून आणते आणि घरात मांडते. एका हातात कॅमेरा धरून दुसऱ्या हातावरच्या सुरकुत्या दाखवते. म्हणजे वेचणाऱ्यांच्या रांगेत ती स्वतःला उभी करते. बाजूला खुर्ची टाकून बसत नाही. हे मला आवडलं.

पण माझ्या डोक्यात खिळा ठोकला तो दुसऱ्याच जागेनं. कोबीच्या रानात काळा झगा घातलेला एक वकील उभा आहे. हातात कायद्याचं लाल पुस्तक. आणि तो सांगतो की राजा दुसरा आन्री याच्या १५५४ च्या फर्मानापासून गरिबाला, लाचाराला, अडलेल्याला हा हक्क आहे. पीक निघाल्यावर, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, रानात शिरून राहिलेलं वेचायचा हक्क.

हक्क. हा शब्द नीट ऐका. भीक म्हणाला नाही तो, दान म्हणाला नाही. राजा काय दयाळू होता म्हणून नव्हे, पण कायद्याच्या पुस्तकात ते चढलं आणि साडेचारशे वर्षांनी वकील रानात उभा राहून वाचून दाखवू शकतो.

आता आपल्याकडं या.

आपल्याकडं या कामाला शब्द आहे. मुंबई-पुण्यात वाढलेल्या पोरांना ठाऊक नसंल, म्हणून सांगतो. सरवा. ज्वारी काढली, कणसं मोडली, कडबा बांधला, की रानात राहिलेली कणसं आणि दाणे वेचायचे, तो सरवा. भुईमूग उपटला की ढेकळांत राहिलेल्या शेंगा खुरप्यानं उकरायच्या, तो सरवा. आता आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचं राज्य आहे. शेंग वाळली की तडकते, दाणा मातीत उडतो. बनीम हलली, मळणी झाली, गुळी एका बाजूला पडली, की बाया येतात आणि माती चाळतात. सुपानं पाखडतात. दिवसभर वाकून शेर-दोन शेर मातेरं हाती लागतं, ते आडत दुकानात न्यायचं. तिथला माणूस म्हणणार, माती लई हाय, आणि काट्यावर आणखी मारणार. आमच्याकडं आयुष्याचं मातेरं झालं म्हणतात ना, तो शब्द इथला आहे. खळ्यावरच्या धुळीतला.

माझ्या आजीनं सरवा वेचला, मायनं वेचला. पण मालक हक्क म्हणून कधी रानात शिरू देत नव्हता. आधी गोठा झाड, आधी शेणकूर कर, आधी आमच्या घरची लाकडं फोड, मग जा सरव्याला. म्हणजे मातीतल्या दाण्यासाठी आधी एक दिवस फुकटचा द्यायचा. काढणीला तीच बाई मजुरीनं असायची आणि मागून मालक ओरडायचा, 'हात साफ ठेवा गं, सरव्यासाठी मागं सोडू नका.' माय म्हणायची, 'आपुन कापायचं, आपुनच सांडलं का बगायचं, आन् आपुनच येचाय त्येच्या पाया पडायचं. लेकरा, आपल्यावर तीन येळा मेहरबानी करायलाय त्यो.' माझी माय कुठल्याच शाळेत गेली नाही. पण शोषण म्हणजे काय हे यापेक्षा कमी शब्दांत मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता धर्मशास्त्र काय म्हणतं ते बघा. कारण आपल्या देशात वकिलाच्या लाल पुस्तकाच्या आधी दुसरं एक पुस्तक होतं. मनुस्मृती. चौथ्या अध्यायात ब्राह्मणानं कसं जगावं ते सांगितलंय. त्यात सगळ्यांत वरची, सगळ्यांत शुद्ध उपजीविका कोणती? सरवा! त्याला संस्कृतात उंछ आणि शिल म्हणतात. एकेक दाणा वेचायचा तो उंछ, कणसं वेचायची तो शिल. आणि या जगण्याला मनूनं नाव दिलंय 'ऋत'. म्हणजे सत्य. कणाद ऋषीचं नावच कण वेचून खाण्यावरून पडलं असं सांगतात. महाभारतात कुरुक्षेत्रावरचा एक उंछवृत्तीचा ब्राह्मण आहे. त्यानं पाहुण्याला वाढलेल्या पिठात लोळून मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं.

आणि त्याच मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राच्या वाट्याला काय? चाकरी करणाऱ्या शूद्राला द्यायचं ते उष्टं अन्न, जुनी झालेली वस्त्रं, धान्यातला टाकाऊ भाग आणि जुनंपुराणं सामान. चांडाळाला तर गावाबाहेर घर, मेलेल्याच्या अंगावरचे कपडे आणि फुटक्या भांड्यात जेवण.

बघा दोस्तांनो. मातीतून दाणा उचलायला दोघांनाही वाकावंच लागतं. पण एक वाकला तर तो तपस्वी, त्याच्या पिठानं मुंगूस सोन्याचं होतं. आमची आजी जन्मभर वाकली, तिच्या पिठात कुठलं मुंगूस लोळायला आलं नाही. आले ते उंदीर. म्हणजे वेचणं हे काम मुळात हलकंही नाही आणि पवित्रही नाही. कोण वेचतं ते आधी बघायचं आणि मग कामाला नाव द्यायचं, ही या देशाची कारागिरी आहे. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ ला महाडला हे पुस्तक जाळलं. जाळलं ते बरोबरच केलं. पण जे जाळलं त्यात काय लिहिलं होतं ते आपल्या पोरांना पाठ पाहिजे. नाहीतर राख कशाची होती हेच कळायचं नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या परिषदेत, चवदार तळ्यावर जायच्या आधी, बाबासाहेबांनी आपल्या लोकांना काय सांगितलं? मेलेल्या ढोराचं मांस सोडा. शिळ्या तुकड्यांसाठी दारोदार जाणं सोडा. स्वतःचा मान स्वतः राखा. पुढच्याच वर्षी, १९२८ ला, त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करायचं बिल मांडलं. कारण तो तुकडा नुसता तुकडा नव्हता. येसकराची पाळी, रातदिवस राबणूक, सरकारी सांगावे, मेलेलं जनावर ओढणं, या सगळ्याचा पगार म्हणून तो तुकडा होता. वतन नावाच्या बेडीची ती कडी होती. १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब आपल्या आजच्या याच जिल्ह्यात, कसब्याच्या तडवळ्याला आले, ते महार-मांग वतनदारांच्या परिषदेसाठी. इथून एसटीनं जाता येईल एवढं ते गाव जवळ आहे. ज्यांनी अजून पाहिलं नाही त्यांनी जाऊन या.

आता अवघड जागेवर येतो. कुणाला राग आला तर येऊ द्या.

आपल्यातली काही पोरं म्हणतात, बाबासाहेबांनी उष्टं सोडायला सांगितलं, तेव्हा हे वेचणंबिचणं आता बोलूच नका. आपण पुढं गेलो. कार्यकर्ता आहे, भाषण ठोकतो, पण आई शहराच्या कडेला कचऱ्यात प्लास्टिक वेचते हे मित्राला सांगत नाही. 'आई काय करते?' 'घरीच असते.' ती घरी नसते, हे तुलाही ठाऊक आहे आणि पहाटे तिला पाठीवर पोतं घेऊन जाताना बघणाऱ्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

मी याचा असा विचार करतो. उष्टं आणि सरवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उष्टं वरून पडतं. देणारा उंबऱ्यावर, घेणारा खाली. ते घेताना पोट थोडं भरतं, पण देणाऱ्याचं मोठेपण त्याहून जास्त भरतं. उष्ट्यात आपले कष्ट नसतात असं नाही, कष्ट आधीच लुबाडलेले असतात आणि त्यांची मजुरी भीक म्हणून परत येते. बाबासाहेबांनी लाथ मारायला सांगितली ती याला. सरवा जमिनीवरून उचलावा लागतो. तो कुणी देत नाही. बाईची कंबर, डोळे, बोटं, तिचं सूप, तिची चाळण, यांनी मातीतून दाणा वेगळा होतो. मालकाला जो दिसला नाही तो तिनं शोधला. यंत्राला जो उचलता आला नाही तो तिनं उचलला. ही मजुरी आहे. भलतं एवढंच की मजुरीचा हिशेब कुणी देत नाही. उष्टं नाकारायचं, आणि सरव्याचा हिशेब मागायचा. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं बोलता आल्या पाहिजेत. नाहीतर स्वाभिमानाच्या नावाखाली आपण आपल्याच आईला मुकाट करू.

शहरातला कचरा म्हणजे शहराचा सरवा. माझी मावशी १९७२ च्या दुष्काळात तान्ही असताना आजीच्या काखेत बसून पुण्याला गेली. त्या सालात मराठवाड्यातून वस्त्याच्या वस्त्या उठल्या हे तुम्ही घरात ऐकलं असेलच. पुढं मावशी पुण्यात कागद-पत्रा वेचू लागली. माझ्याकडं जी इंग्रजी-मराठी डिक्शनरी आहे ती तिनं रद्दीतून काढून दिलेली. तिची सुरुवातीची पानं नाहीत. थेट 'डी'पासून चालू होते. त्यामुळं माझ्या इंग्रजीत ए, बी, सी नाही. वार्दाबाईची डिक्शनरी जाडजूड, अख्खी, कापडी बांधणीची. माझी फाटकी. पण शब्द दोघांनाही लागतोच.

तर पुण्यातल्या या बायांनी काय केलं ते ऐका, कारण पिक्चरमध्ये जे नाही ते इथं आहे. १९९३ साली त्यांनी संघटना बांधली. नाव घेतलं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नाव बघा. कचरेवाली नाही, कचराकुंडीवाली नाही. कागद, काच, पत्रा हा माल आणि आम्ही कष्टकरी. यातल्या बहुसंख्य बाया आपल्या. बौद्ध, मातंग. आधी त्यांना कोण काय समजायचं? चोर. बंगल्याच्या मागं दिसली की चोर, सोसायटीत भांडं हरवलं की चोर. त्यांनी पहिली मागणी केली ती ओळखपत्राची. महापालिकेनं मान्य केलेलं, फोटो असलेलं कार्ड. शिकलेल्याला त्याचं काही वाटत नाही. पण जिच्या आजीला गावात सावली सांभाळून चालावं लागलं, ती बाई गळ्यात कार्ड घालून सोसायटीच्या फाटकातून वॉचमनच्या समोरून आत जाते, तेव्हा काय बदलतं ते तुम्ही ओळखा. पुढं २००८ पासून 'स्वच्छ' नावाची त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. घरटी पैसे ठरले. आणि या बायांनी एक साधी गोष्ट मागितली : वापरलेला सॅनिटरी पॅड नुसता टाकू नका, कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे आमचा उघडा हात त्यात जाणार नाही. लाल ठिपका. एवढी छोटी खूण. पण तिचा अर्थ असा की तुम्ही जे टाकता ते कुणाच्या तरी हातात जातं, आणि तो हात माणसाचा आहे.

आता धोका सांगतो. टाकलेल्या मालाला जोवर भाव नसतो तोवर तो आपला असतो. भाव आला की मालक उगवतो.

मी ज्या धक्क्यावर काम करतो तिथं तूरडाळीची पोती उतरतात. म्यानमारची, आफ्रिकेतल्या मोझांबिकची. आमच्या धाराशिवच्या तुरीला भाव पडतो आणि मी इथं बाहेरची तूर पाठीवर घेतो, तो वेगळाच विषय. हूक लागून पोतं फुटतं, डाळ सांडते. ती झाडून वेगळी भरतात आणि तीही विकली जाते. आमच्या टोळीतल्या एका पोरानं दोन मुठी सांडलेली डाळ डब्यात घातली. ठेकेदारानं फाटकावर डबा उघडून बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला कामावर घेतलं नाही. आठ तास ज्यानं ती पोती वाहिली त्याला जमिनीवरच्या दोन मुठींचा हक्क नाही. आमच्या धक्क्यावर १५५४ चा वकील आला नव्हता.

आणि हे फक्त इथंच नाही. त्या पिक्चरमध्येच बघा. एका गावात पोरं सुपरमार्केटच्या मागच्या डब्यातून अन्न काढून खायची, तर दुकानवाल्यानं त्या अन्नावर ब्लीचचं पाणी ओतलं. पोरांनी डबे मोडले, तर कोर्टात पोरं उभी. खाण्याजोगं अन्न विषारी करून टाकायचं, पण भुकेल्याला द्यायचं नाही. पुढं २०१६ साली फ्रान्सनं कायदा केला की मोठ्या दुकानांनी न विकलेलं अन्न असं नासवायचं नाही, ते संस्थांना द्यायचं. पण कायदा कसा वळला बघा. हक्कानं वेचणाऱ्याच्या जागी दान वाटणारी संस्था आली. १५५४ मध्ये गरीब स्वतः रानात शिरायचा, आता तो रांगेत उभा. उष्टं सूट-बूट घालून परत येतं ते असं.

आपल्या गावातही ब्लीच आहे, दुसऱ्या रूपात. संध्याकाळी मळणी झाली की रातोरात रानात रोटा मारायचा, म्हणजे सकाळी बाया आल्या तर हाती फक्त माती. काही ठिकाणी पेटवून देतात. कुंपणाला तार आली. शहरात म्हणाल तर देवनारचं डम्पिंग ग्राऊंड जानेवारी २०१६ ला पेटलं, मुंबईभर धूर झाला, आणि बोट कुणाकडं गेलं? वेचणाऱ्यांकडं. मग आत जायला बंदी. ढिगारा साठवणारे सुटले, ढिगाऱ्यावर जगणारे अडकले. आता सगळ्या शहरांत ठेकेदाराच्या गाड्या फिरतात, गाणी वाजवतात. प्लास्टिकला, पत्र्याला दर आलाय. जो माल विटाळ होता तो आता टेंडर झालाय. विटाळ आमच्या नावावर होता, टेंडर दुसऱ्याच्या नावावर निघतं.

म्हणून पिक्चरबद्दल माझी एक तक्रार आहे, ती नोंदवतो. वार्दाबाई खरी आहे, माणसांना मान देते. पण तिच्या देशात वाकणारा माणूस कोण असेल ते आधी सांगता येत नाही. तिथं नावाजलेला आचारीही रानात वेचतो, त्याला डोंगरावरचा ताजा पाला पाहिजे म्हणून. बेकार ड्रायव्हर वेचतो, चित्रकार वेचतो. आपल्याकडं लांबून, पाठमोरी, नुसती वाकलेली पाठ दिसली तरी तिची जात गावाला सांगता येते. ज्याला नाही वाकलं तरी चालतं त्याला वाकण्यात गंमत वाटू शकते. फिल्म सोसायटीतले लोक हा पिक्चर बघून म्हणतील, वा, वेचणं किती सुंदर, किती पर्यावरणाचं! त्यांना आपण सांगायचं की साहेब, सुंदर वाटत असेल तर तुमच्या पोराला आठवडाभर डेपोवर पाठवा. आमची पोर तुमच्या शाळेत येईल. अदलाबदल करू. मग पर्यावरणावर बोलू.

आपल्याला दोन गोष्टी एका वेळी पाहिजेत. आज जी वेचते तिला वेचायचा पहिला हक्क, दर, हातमोजे, कार्ड, दवाखाना. आणि तिच्या पोटी जन्मली म्हणून कुठल्याही पोरीच्या हातात उद्या पोतं यायला नको. काही शहाणे म्हणतील हे परस्परविरोधी आहे. अजिबात नाही. गोदी कामगार जास्त मजुरी मागतो आणि पोराला गोदीत घालायचं नाही असंही म्हणतो. त्याला कुणी विरोधाभास म्हणत नाही. वेचणारीलाच का म्हणायचं?

शेवटी कामाचं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकाचं नाव घातलं गेलं. स्थानिक संस्थांनी त्यांना ओळखायचं, संघटनांना मान्यता द्यायची, कचऱ्याच्या व्यवस्थेत सामावून घ्यायचं, असं त्यात म्हटलं होतं. कागदावर होतं. आमचा फ्रेंच वकील कोबीच्या रानात उभा राहून कागद वाचत होता, तसा हा कागद आपल्या डेपोच्या फाटकावर उभं राहून मोठ्यानं वाचायचाय. पण वाचायच्या आधी आपल्याकडं यादी पाहिजे. या शहरात किती बाया वेचतात, कुठल्या वस्तीतल्या, किती वर्षं, दिवसाला काय मिळतं, भंगारवाला काय दर देतो, हात कापला तर कुठं जातात. कुणी आपल्याला ही यादी देणार नाही. ती आपणच करायची.

आणि गावाकडच्या पोरांनी दुसरी वही करायची. सोयाबीनच्या काढणीला कुठल्या गावात सरव्याला जाऊ देतात, कुठं देत नाहीत, कुठं त्याच्या बदली फुकट राबवून घेतात. फुकट राबवणं ही वेठ आहे, आणि वेठ संविधानाच्या २३ व्या कलमानं गुन्हा आहे. मालकाला हे ठाऊक नसंल तर सांगायचं. ठाऊक असून करत असंल तर तालुक्याला अर्ज घेऊन जायचं, एकट्या बाईनं नाही, सगळ्यांनी मिळून.

ज्यांना यादीचं काम करायचंय त्यांनी जाताना दारातल्या वहीत नाव लिहा. परवा पहाटे पाचला निघायचंय, कारण त्या बाया पाचला निघतात. आपल्या सोयीनं त्या थांबणार नाहीत. पेन आणा. ज्याची आई त्या रांगेत असेल त्यानं पहिलं नाव तिचं लिहायचं, पूर्ण नाव, आणि धंद्याच्या रकान्यात 'घरीच असते' लिहायचं नाही.

जयभीम.